शाई लागली, पण उमटलो नाही

मी जालन्याच्या कत्तलखान्यातला शिक्का बोलतोय. निजामी संपली त्या साली एका फुटक्या घंगाळाच्या पितळेतून मला ओतलं. मांसावर मी जांभळा उमटलो की लोक निर्धास्तपणे पिशवी पुढे करत. माणसांची गंमतच वाटायची मला. मांस कुणी बघत नसे, मलाच बघत.

डुकरांची तपासणी तर नावालाच होती. दरोगा भुजंगराव जनावर जिवंत असताना बघायचे. चालतंय, खातंय, म्हणजे पास. मग ते कापून, गवताच्या जाळावर केस भाजून झाले की मी उमटायचो. आत काय आहे, हे बघायचा नियमच नव्हता.

पुढे आम्ही मुंबई राज्यात आलो आणि नवे नियम आले. जनावर कापल्यावर जीभ, काळीज, मांडी चिरून बघा. साबुदाण्यासारखे दाणे दिसले तर ते खाणाऱ्याच्या पोटात जंत करणारे, सगळं पुरून टाका. भुजंगराव कुरकुरले, पण शिकून आले.

नेमकं तेव्हाच तुळजाबाईनं लेकीच्या लग्नासाठी वर्षभर पोसलेलं डुक्कर आणलं. त्यांच्यात लग्नाच्या पंगतीला याच मटणाचा मान. टेंभुर्णीचं वऱ्हाड येऊन बसलेलं, घरी मसाला वाटून तयार. सकाळी भुजंगरावांनी जनावर पाहून खुशीत मान हलवली होती. कापल्यावर सवयीनं त्यांनी मला शाईवर दाबलं, मग नियम आठवला म्हणून जीभ चिरली. आत पांढरे दाणे होते.

"चालत आल्तं की, दादा," तुळजाबाई म्हणाली. "सकाळी तुम्हीच पाह्यलं."

"पाह्यलं, माय. वरून पाह्यलं."

मी त्यांच्या मुठीत, ओला. एकदा टेकवलं असतं तर लेकीचं लग्न मानानं पार पडलं असतं. खरं सांगतो, मलाही उमटावंसं वाटलं.

तुळजाबाईनं बोटानं ते दाणे चाचपले.

"पुरा मंग," ती म्हणाली. "पंगतीत माझीच माणसं बसणार हायेत."

वऱ्हाड पिठलं-भाकरी जेवलं. व्याही रुसले, लेक रडली. तुळजाबाई मात्र पुढच्या खेपेला जनावर घेऊन आली, तेव्हा स्वतःच म्हणाली, "दादा, आधी जीभ बघा." त्या दिवशी मी मोठ्या आनंदानं उमटलो.

आता नव्या राज्याचा नवा शिक्का आलाय आणि मी खणात पडून आहे. त्याला माझं एवढंच सांगणं आहे. बाबा रे, शाई लागली म्हणून उमटायची घाई करू नकोस. तुला बघून कुणीतरी आपल्या लेकरांना वाढणार आहे.