अप्पांच्या हातांचा बिघाड

तरुण माणसाने गाडी खांबाला घासली, तर खांब चुकीच्या जागी असतो. म्हाताऱ्याने घासली, तर त्याचं वय झालेलं असतं. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण तो मोडल्याचं कुठल्याही घरात ऐकिवात नाही. अप्पांनी गाडी फाटकाच्या खांबाला घासली, त्या संध्याकाळी त्यांच्याही घरात याच नियमाने बैठक भरली.

"अरे, स्टिअरिंग जड होतं," अप्पा सांगत होते. "गाडी चांगली तापली की. त्यातून डावीकडे वळताना. मग आपोआप..."

ऐकणाऱ्या मुलाचं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज होतं. गिऱ्हाइकाचं बोलणं संपेपर्यंत बॉनेट उघडायचं नाही, असा त्याचा तिथला दंडकच होता. पण अप्पा गिऱ्हाईक नव्हते, वडील होते. त्यांचं वाक्य अर्ध्यावर सोडून त्याने गाडीला स्कॅनर लावला. स्टिअरिंग हलकं करणारी जी विजेची मोटर असते, तिच्या सर्किटमध्ये बिघाड, अशी एक नोंद पडद्यावर दिसली. नुकतीच त्याने गाडीची बॅटरी बदलली होती. जुन्या बॅटऱ्या जाता जाता असल्या खोट्या तक्रारी मागे ठेवतातच, असं म्हणून त्याने ती नोंद पुसून टाकली आणि थंड गाडी गल्लीतून एक चक्कर फिरवून आणली. स्टिअरिंग अगदी लोण्यासारखं!

"गाडी ठणठणीत आहे, अप्पा. तुमच्या हातातला जोर कमी झालाय. चावी माझ्याकडे राहू द्या."

"आणि अक्काकडे कसा जाऊ?"

अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेली. तिकडे बस जात नव्हती. अप्पा दर रविवारी जायचे, तिला पेपर वाचून दाखवायचे, आणि ती पडल्या पडल्या संपादकाला शिव्या घालायची. दोघांचा वेळ मोठा छान जायचा.

"मी नेईन ना रविवारी!" मुलगा म्हणाला. मनापासून म्हणाला, हे नमूद केलं पाहिजे. पण पहिल्या रविवारी गॅरेजात गर्दी निघाली, पुढच्या रविवारी मेहुण्याकडे जेवण निघालं, आणि मग नुसताच कंटाळा निघाला. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. पुढे पुढे शर्ट घालणंही सोडलं.

"काय रे, रुसलास का माझ्यावर?" अक्का फोनवर विचारायची.

"छे गं, हात जरा दुखतोय," अप्पा सांगायचे. मुलांची बाजू सांभाळायची सवय लागली, की अशी उत्तरं आयती सुचतात.

एका सकाळी अक्का गेल्याचा निरोप आला. त्या दिवशी मात्र ना गर्दी आड आली, ना मेहुणा. सगळे लगेच निघाले.

अंत्यसंस्कार उरकून परतताना मुलगाच गाडी चालवत होता. लांबचा रस्ता, टळटळीत दुपार. घराजवळच्या डाव्या वळणावर स्टिअरिंग एकाएकी दगड झालं.

"अहो, दुभाजक!" शेजारी बसलेली बायको किंचाळली. दोन्ही हातांनी, दातओठ खात त्याने गाडी कशीबशी ओढून घेतली.

मागच्या सीटवरून अप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस. सरळ झाली की होईल हलकं."

तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात त्याने मोटरच्या वायरला मीटर लावला. वीज पुरेपूर! मग गाडी तापेपर्यंत फिरवली आणि मोटरवर जोर पडत असताना पुन्हा मोजलं. वीज निम्म्यावर आली. प्लग सोडवून पाहिला, तर आतली एक पिन तापून काळी पडलेली, सैल झालेली. डाव्या वळणावर गाडी झुकली की वायर ओढली जायची आणि पिन हलायची. बास, एवढंच.

डबा घेऊन आलेल्या बायकोला त्याने ती दाखवली. "म्हणजे अप्पा बरोबर सांगत होते," ती म्हणाली.

"हो, पण या वयात कुणालाही वाटेल की..."

"गिऱ्हाईक आलं की आधी वय विचारता का त्याला? हेच एखाद्या पोराने सांगितलं असतं, तर तुम्ही तेव्हाच गाडी तापवून बघितली असती. अप्पा बोलले तेव्हा तुम्ही गाडी तपासलीच नाही हो, त्यांनाच तपासलंत! आणि मीही मान डोलावली. म्हातारं माणूस घरात बसलेलं आपल्या सगळ्यांनाच सोयीचं असतं ना!"

त्याचा डबा तसाच राहिला.

संध्याकाळी त्याने चावी अप्पांच्या हातात ठेवली. "चूक माझी होती, अप्पा. मोटरची पिन गेली होती, ती बदलली. तुमचे हात चांगले आहेत."

अप्पांनी चावी उलटसुलट करून पाहिली. "आता कुठे जाऊ?"

मुलगा तिथेच, वडिलांच्या पायांशी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. अप्पांनी त्याला रडू दिलं.

"अक्काचं सामान आणायचं राहिलंय," थोड्या वेळाने तेच म्हणाले. "चष्मा आहे, रेडिओ आहे. त्यांना खाट मोकळी करून हवी असेल."

"तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो."

मंडळी, म्हातारपण हे बऱ्याच घरांत सर्वांत स्वस्त निदान आहे. वडीलधारं माणूस 'काहीतरी बिघडलंय' म्हणालं, तर त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐका आणि ते सांगेल तिथे आधी शोधा. मुलाने वेळेवर शोधलं असतं, तर पिन तेव्हाही तेवढ्याच पैशांत मिळाली असती, आणि अक्काला वाटलं नसतं की भाऊ रुसला.