किनारीचा लाल दोरा

बंदी घातलेल्या ठेकेदारांच्या यादीत, सतराव्या पानावर, चौथ्या ओळीत छगनभाईचे नाव, गाव आणि बंदीची मुदत स्वच्छ छापलेली होती. त्याच पानाच्या उजव्या कोपऱ्यात शिक्का होता : 'तपासले. ठेकेदाराचे नाव यादीत आढळले नाही.' शिक्क्याखाली सुकलाल पाटलाची सही होती. सुकलालला वाचता येत होते.

कडोदऱ्याच्या हमरस्त्यावरून उसाच्या पट्ट्यात वळले की आमचे गाव लागते. गावाच्या कडेला आमची खानदेशी फळी, म्हणजे खानदेशातून आलेल्यांची वस्ती, आहे. साठ घरे, सगळी कापडाच्या लूमवर किंवा उसाच्या तोडणीवर जाणारी. तिथे केंद्राच्या अनुदानातून पाण्याची टाकी झाली. असे काम देण्यापूर्वी ठेकेदारावर बंदी नाही ना, हे ग्रामपंचायतीने यादी पाहून ठरवायचे आणि एका सदस्याने पानोपानी सही करायची, असा नियम आहे. आमचा सदस्य सुकलाल. छगनभाईने बांधलेली टाकी फाल्गुनात भरली आणि चैत्रात बुडाशी फाटली. वैशाखात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, तेव्हा टाकीखाली मात्र गुडघाभर चिखल होता आणि त्यात गावच्या म्हशी सुखाने बसल्या होत्या. बाया अर्ध्या कोसावरच्या बोअरवरून पाणी आणीत होत्या.

सतराव्या पानाचा फोटो फळीतल्या मोबाईलवर फिरला, त्या सकाळी बोअरवर भांडण पेटले.

"तुमना माणूस सह्या करस आनि आमन्या बाया पानी वाहतस!" गजेंद्र ओरडला. त्याचे घर सुकलालच्या घराला लागून होते, त्यामुळे त्याचा आवाज मोठा होता. "वर नाव शे, खाले सही शे. छगननी काय फुकट करी लिधी?"

सुकलालची बायको प्रमिलाबाई हंडा खाली ठेवून उभी राहिली. "गजेंद्रभाऊ, मना घरमा ये आनि वर देख. पत्र्यामातून आभाय दिसस. खादं ऱ्हातं ते पहिले पत्रा बदलता!"

"पत्रा आते बदलशात."

"बदलसू ना. तुना घरना काढीसन."

बाया हसल्या, पण त्या दिवशी प्रमिलाबाईला हंडा उचलून द्यायला कोणी पुढे झाले नाही.

दुपारी सरपंच उषाबेन निरोप घेऊन आल्या. "सुकलालभाई, सही तो तमारी ज छे ने? सोमवारे तालुकामां जवाब आपजो." जवाब पटला नाही तर सदस्यत्व जाणार होते आणि लाचेचा गुन्हा नोंदवला जाणार होता. कागद तयार होता. फक्त तारीख घालायची होती.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, म्हणून फळी मला मास्तर म्हणते. संध्याकाळी सुकलाल माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"मास्तर, मी पैसा खादा नही. एक चहा पिधा, तोबी पंचायतना."

"मग नाव दिसलं कसं नाही?"

"तेच तं समजत नही. एकूनएक पान देखं मी. सव्वीस वरीस कापड देखेल माणूस शे."

मला तीन शक्यता दिसत होत्या. त्याने लाच घेतली. किंवा पाने न पाहता सह्या केल्या. किंवा पाहूनही त्याला नाव दिसले नाही. पहिली शक्यता प्रमिलाबाईच्या पत्र्याने कमकुवत केली होती, पण पुरती खोडली नव्हती. उरलेल्या दोन प्रयोगाने तपासता येण्याजोग्या होत्या.

सुकलालची मुलगी हर्षदा कडोदऱ्याला झेरॉक्सच्या दुकानात काम करते. तिच्याकडून मी यादीची हुबेहूब प्रत करून घेतली, तशीच एकतीस पानांची. फरक एकच होता : नवव्या पानावर दोन नावांच्या मध्ये 'सुकलाल नथू पाटील' ही ओळ घातली होती. दुसऱ्या दिवशी ती सुकलालपुढे ठेवली आणि पंचायतीत तपासली तशीच तपासायला सांगितली.

तो मांडी घालून बसला. डाव्या हाताने पान उचलायचे, उजव्या हाताचा अंगठा पानाच्या उजव्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचा, मग सही. घाई नव्हती आणि एकही पान सुटले नाही. नवव्या पानालाही त्याने तितकाच वेळ दिला. आपलेच नाव यादीत नाही, अशी सही त्याने स्वतः केली.

हर्षदाने तोंडाला ओढणी लावली. "बापू, नववं पान परत देखा ना."

"देखं ना ते. चोख शे."

मी तिला गप्प केले आणि विचारले, "सुकलाल, अंगठा कशाला फिरवतोस?"

"दोरा देखस."

"कसला दोरा?"

त्याने माझ्याकडे ढ विद्यार्थ्याकडे पाहावे तसे पाहिले. शहरात पर्वत पाटियाजवळच्या एका कापडाच्या गोदामात त्याने सव्वीस वर्षे ताग्यांची घडी घालून शिक्का मारण्याचे काम केले होते. "कापड चेकर देखस, मास्तर. दोष दिसना का तो किनारले लाल दोरा बांधस. मी किनार देखस. दोरा नही म्हंजे माल चोख, मार शिक्का. मीच जर कापड देखाले बसनू तं चेकर काय करी?"

"आणि या यादीचा चेकर कोण?"

"वरलं हापिस! इतलं मोठं हापिस, न देखता धाडी का?"

एका निरीक्षणावर निष्कर्ष काढणे बरे नव्हे. म्हणून तिसऱ्या दिवशी त्याच प्रतीची, सही न झालेली दुसरी प्रत घेतली. प्रमिलाबाईने शिवणाच्या डब्यातून लाल दोरा काढला, नवव्या पानाच्या कडेला सुईने भोक पाडले आणि आपल्या नवऱ्याच्या नावासमोर गाठ मारली. बाकी काहीही बदलले नाही.

आठ पाने पूर्वीसारखीच गेली. नवव्या पानावर अंगठा थांबला. सुकलालने चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवले, ओठ हलवीत वाचले आणि ताडकन उठला.

"हाई तं मनं नाव शे! माले कोनी बंद करं?"

"मी," प्रमिलाबाई म्हणाली. "आते हंडा ले आनि पानी भराले जाय."

तो गेला. बोअरवर तो हंडा घेऊन गजेंद्रच्या मागे रांगेत उभा राहिला, असे कळले.

सोमवारी मी, सुकलाल आणि प्रमिलाबाई तालुक्याला गेलो. मी प्रयोगाची हकिकत चार पानांत लिहून नेली होती. तपास अधिकाऱ्यांना विनंती करून मूळ फाईल पाहिली. सुकलालच्या सहीखाली तालुक्याची सही होती : 'ग्रामपंचायतीने तपासले आहे. मान्य.' तिच्याखाली जिल्ह्याची : 'तालुक्याने तपासले आहे. मान्य.' यादी गावाला पाठवणारा कारकून शेजारीच बसला होता. त्याला विचारले, पाठवण्यापूर्वी यादी कोणी पाहिली होती का.

"आम्ही फक्त छापून पाठवतो," तो म्हणाला. "बघायचं काम गावाचं."

सुकलाल हळूच म्हणाला, "मंग चेकर कोठे शे?"

अधिकाऱ्यांनी माझे निवेदन ओढले आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सही करीत पाने उलटायला सुरुवात केली. पहिले पान गेले, दुसरे गेले. तिसऱ्यावर त्यांचे बोट अडकले. सकाळी प्रमिलाबाईने, मला न विचारता, तिथे कडेला लाल दोरा बांधला होता.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवले आणि दोऱ्यासमोरचा मजकूर वाचला. आधी मनात, मग मोठ्याने. सुकलालवरचा लाचेचा कागद त्या दिवशी तारखेविना राहिला. टाकी दुसऱ्या ठेकेदाराकडून बांधून घेण्याचा शेरा पडला. ती अजून बांधायची आहे आणि म्हशी अजून तिथेच बसतात. दोऱ्यासमोर लिहिलेले होते ते असे :

गावाने धरले की यादी तालुक्याने वाचली आहे. तालुक्याने धरले की ती गावाने वाचली आहे. जिल्ह्याने धरले की ती दोघांनी वाचली आहे. यादी कोणीही वाचली नव्हती.