फक्कीच्या भिंती

दिवसभर मुरूम चोपून सपाट केलेल्या त्या रिकाम्या जागेवर संध्याकाळी घर उमटलं.

घर म्हणजे अजून नुसती चुन्याची फक्की. गवंड्याने दोऱ्या ताणल्या, त्यांच्या कडेने पांढऱ्या रेघा ओढल्या, दोऱ्या गुंडाळून पिशवीत टाकल्या आणि जाताना बजावलं, "उद्या सकाळी खोदायला माणसं आणतोय. काय ते आत्ताच बघून घ्या. चर खणल्यावर कुणी म्हणायचं नाही की इथं भिंत नको होती." मग सायकलवर टांग टाकून तो गेला.

मागे राहिले पाच जण. दादा, वहिनी, त्यांचा मुलगा, त्या मुलाचा मित्र, ज्याने घराचा नकाशा काढला होता, आणि आत्या. आत्या म्हणजे दादाची धाकटी बहीण. पण मुलगा आत्या म्हणतो म्हणून अख्खी गल्ली तिला आत्याच म्हणायची. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, तशी ती शिलाईचं पायमशीन घेऊन भावाकडे परत आली आणि त्या पायडलवर पाय मारत स्वतःच्या पायावर उभी राहिली. कुणाच्या ताटाखालचं मांजर होऊन राहायचं नाही, हे तिने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. ते तिने निभावलंही होतं.

नव्या घरात दादाने तिला रस्त्याकडची खोली दिली होती. गिऱ्हाइकांसाठी बाहेरून वेगळं दार, मशीनवर उजेड पडेल अशी मोठी खिडकी. पण त्या खोलीवर भाच्याची नजर होती. त्याला घरातूनच काम करायला ऑफिस हवं होतं. "आत्याचं शिवण किती दिवस चालणार, बाबा?" असं तो जेवताना हसत हसत विचारायचा. दादा म्हणायचा, "तिचं शिवण चालू आहे तोवर खोली तिची." एवढं बोलून तो भाताकडे वळायचा आणि आत्या ताटावरून उठायची.

कारण गेल्या वर्षी, बटणं आणायला जाते असं सांगून, आत्या एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची, असं त्यांनी सांगितलं होतं. ते थेंब तिने बॉबिनच्या डब्यात लपवले. भर उजेडात सुईचं नाक तिला अजून दिसायचं. समोरचं, अगदी समोरचं, सगळं दिसायचं. पण दोन्ही बाजूंचं जग कुणी कात्रीने कापून न्यावं तसं कमी होत चाललं होतं, आणि दिवेलागणीला तर फिक्यावर फिकं काही उमटतच नसे. आत्ताही पिवळट मुरमावर पांढऱ्या रेघा आहेत हे तिला ऐकून ठाऊक होतं. डोळ्यांना दिसत होती ती धुळीची एक चादर.

भाड्याच्या जुन्या घरात तिचं काही अडत नव्हतं. तिथे तिच्या तळव्यांना सगळ्या भिंती पाठ होत्या. नव्या घराचं काय, या काळजीने मात्र तिची झोप उडाली होती. शेवटी तिने एक युक्ती केली. नकाशाची एक प्रत मागून घेतली, मांजरपाटाच्या तुकड्यावर ठेवली आणि ब्लाउजचा नमुना उतरवतात तसं काटेरी चाक फिरवून ती कापडावर उतरवली. भिंतींवरून जाड दोऱ्याची शिवण मारली, दारं होती तिथे मोकळी जागा सोडली. ते कापड उशीखाली ठेवून ती पडल्या पडल्या बोटांनी घरभर फिरून यायची. बाहेरचं दार, आत आलं की बैठक, आणि लगेच डावीकडे तिची खोली. महिनाभरात ते घर तिच्या बोटांत असं बसलं की जणू ती तिथेच जन्मली होती.

एक गोष्ट मात्र तिला कुणी सांगितली नव्हती. सांगायचं राहून गेलं, इतकंच. सांडपाण्याची नळी रस्त्याच्या डाव्या अंगाला निघाली, म्हणून आठवड्यापूर्वी नकाशेवाल्याने सगळा नकाशा उलटवला होता. स्वयंपाकघर आणि मोरी डावीकडे, आत्याची खोली उजवीकडे. खोल्या त्याच, मापं तीच. दादाला वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे?

"आता एक गंमत करू," भाचा हात चोळत म्हणाला. "हे खरंच घर आहे असं समजून एकेकाने आत यायचं आणि आपापल्या खोलीत जाऊन उभं राहायचं. दारातूनच जायचं हं. भिंतीतून जाईल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा."

"भुतं सोडून भिंतीतून कोण जातं?" वहिनी म्हणाल्या.

"म्हणून तर तुला आधीच सांगतोय, आई."

"मेल्या, जिभेला काही हाड?"

नकाशेवाला हसला. आत्याही हसली. वहिनींच्या मागोमाग जायचं, त्यांच्या चपलांचा आवाज धरायचा, असा बेत तिने मनात केला. वहिनींच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालायचा आणि त्यातले निम्मे फटके तिच्याच पाठीवर पडायचे. 'वन्सं, पाण्याचा तांब्या उजव्या हाताला ठेवलाय, नंतर घरभर शोधत बसाल.' 'वन्सं, स्टूल वाटेत कोण ठेवतं हो?' नणंद-भावजयीचं आजवर कुणाचं जमलंय, असं म्हणून आत्या ते ऐकून घ्यायची. शिवाय संडासाकडचा दिवा वहिनी रात्रभर जाळत ठेवायच्या आणि रोज सकाळी दादाची बोलणी खायच्या. 'विसरते बाई,' म्हणायच्या.

भाचा पहिला गेला आणि सरळ चालत मागच्या खोलीत जाऊन उभा राहिला. दादा बैठकीत एका दगडावर टेकला. त्या दोघांच्या पावलांनी आत्याला काहीच सांगितलं नाही.

"वहिनी, तुम्ही व्हा पुढे," आत्या म्हणाली.

"नाही, नाही. आता आत्या," भाचा आतून ओरडला. "आईचं काय, तिला सगळं घर आपलंच वाटतं."

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. आत्याने पदर खोचला. बाहेरच्या दाराशी विटा रचून ठेवल्या होत्या, त्या तिला दिसल्या. त्यांच्या मधून ती आत आली. ही बैठक. समोर दगडावर दादा, त्याचा पांढरा सदरा दिसतोय. बोटांनी मनातल्या मनात शिवण चाचपली. आता डावीकडे मोकळी जागा. मान खाली घालून शोधायचं नाही, लगेच संशय येईल. ती ऐटीत डावीकडे वळली, चार पावलं टाकली आणि थांबली.

"ही माझी खोली," ती म्हणाली, मुद्दाम मोठ्याने. "आणि मशीन इथं, खिडकीशी."

लांबून एक ट्रक गेल्याचा आवाज आला.

मग भाचा फिसकन हसला. "आत्या, तू मोरीत उभी आहेस. भांडी घासायच्या जागी."

"आणि भिंतीतून गेलात तुम्ही," नकाशेवाला म्हणाला. "फक्की पुसली बघा तिथली."

हे विनोदावारी न्यावं, हे आत्याला कळत होतं, पण तिची मान आपोआप खाली वळून रेघ शोधू लागली. भाच्याचं हसू ओसरत चाललं होतं. तो जवळ येत होता. त्याच्या बुटांखाली मुरूम करकरत होता. आणि आता तो विचारणार होता. तिला प्रश्न ऐकूही येऊ लागला होता.

तेवढ्यात तिच्या मागून चपला फटफटल्या. वहिनी तरातरा आल्या, त्याच रेघेवरून आत शिरल्या आणि आत्याच्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बरोबर आल्या वन्सं," त्या म्हणाल्या. "इथं दार हवंय. बैठकीतून स्वयंपाकघरात यायला अख्ख्या घराला वळसा घालायचा का मी? हातात चहाचा ट्रे घेऊन?"

"आई, पण नकाशात..."

"नकाशा चहा आणून देतो का?"

दादा दगडावरून उठला. "उद्या पाया खणायचाय आणि तुम्हाला आज दार सुचतंय? इतके दिवस तोंडाला कुलूप लावलं होतंत?"

"उभं राहिल्याशिवाय कळतं का? वन्संना कळलं, म्हणून त्या आल्या. मीच म्हटलं होतं त्यांना."

असलं काही वहिनी तिला कधी म्हणाल्या नव्हत्या. आत्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, नीट समोर घेऊन. वहिनी तिच्याकडे पाहत नव्हत्या. पण त्यांचा हात आत्याच्या कोपराला टेकला होता.

यांना ठाऊक आहे. आत्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तांब्या, स्टूल, तो रात्रभर जळणारा दिवा. विसरत नव्हत्या काही.

नकाशेवाल्याने गुडघ्यावर नकाशा पसरला होता. "इथं दार दिलं तर ओट्याला भिंत उरत नाही, काकू. ओटा मागे न्यावा लागेल, मग मोरी बैठकीत सरकणार."

"मग बैठक तिकडे सरकव," भाचा म्हणाला. त्याचा आवाज एकदम कामाचा झाला होता. "पलीकडे आत्याची खोली आहेच. ती अर्धी केली तर सगळं बसतं. नाहीतरी शिवणाला कितीशी जागा लागते? एका कोपऱ्यात मशीन, उरलेल्या जागेत माझं टेबल."

वहिनींचा हात कोपरावरून गळून पडला. बोलून बसल्या होत्या. आता शब्द फिरवावा तर सगळंच उघडं पडणार. त्या ओठ चावत राहिल्या. दादा म्हणाला, "बघा बुवा, तुमचं बायकांचं एकमत असेल तर तसं करू. पण आत्ताच्या आत्ता सांगा."

आत्याला दोन्ही बाजू स्वच्छ दिसल्या. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच. गप्प बसलं तर खोटं टिकतं आणि खोली जाते. बोललं तरी कदाचित खोली जाते. पण निदान आपल्या तोंडाने जाते.

"दार नको," ती म्हणाली. "भिंत आहे तिथंच ठीक आहे. वहिनी मला झाकतायत. मला रेघ दिसलीच नाही."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," दादा म्हणाला.

"नाही, दादा. काचबिंदू आहे. बाजूचं दिसत नाही, संध्याकाळी तर नाहीच. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं."

दादा दोन पावलं पुढे आला. मग म्हणाला, "वर्ष झालं? आणि आम्ही काय परके?"

"परके असतात तर सांगितलं असतं."

वहिनी पुटपुटल्या, "त्या जांभळ्या ब्लाउजला काळा दोरा लावला होतात. तुमचा दुपारी डोळा लागला तेव्हा उसवून परत शिवला मी. माझी शिलाई वाकडी, म्हणून तर ती बाई कुरकुरली."

"तरी म्हटलं, माझ्या हातून अशी शिलाई कशी पडली," आत्या म्हणाली. तिला हसू आलं आणि त्यातच डोळे भरले, म्हणून तिने ते पदराने पुसले आणि भाच्याकडे वळली. तो खाली बघत होता. अजून काही तरी त्याच्या जिभेवर होतं. "बोल तू. मनात ठेवू नकोस."

"मी वाईट अर्थाने नाही म्हणत, आत्या," तो चाचरत म्हणाला. "पण असं आहे तर मग शिवण... मग ती खोली..."

"डोळे गेले की कर तुझं ऑफिस. मी स्वतः मशीन उचलायला लावीन. पण आज ते गेलेले नाहीत, आणि जात नाहीत तोवर माझं तेरावं घालू नकोस."

तिने पिशवीतून मांजरपाटाचा तुकडा काढला आणि पुढे धरला. भाच्याने तो घेतला. आधी त्याला कळलं नाही, मग बोट शिवणीवरून फिरलं आणि दाराच्या मोकळ्या जागेशी थबकलं. नकाशेवाला डोकावून म्हणाला, "पण हा जुना आहे. आपण उलटवला ना मागच्या आठवड्यात."

"उलटवला?" आत्या म्हणाली.

दादाने कपाळावर हात मारून घेतला. "मी सांगणार होतो. म्हटलं, घर तर तेच आहे. डावं-उजवं झालं, त्यात काय."

महिनाभर आत्या ज्या घरात हिंडली होती, ते घर कुठे नव्हतंच. मग तिने कापड भाच्याच्या हातातून परत घेतलं आणि पालथं केलं. मागच्या बाजूला दोऱ्याच्या गाठी होत्या, बोटांना चांगल्या खरखरीत लागणाऱ्या. तिने बाहेरच्या दारापासून अंगठा फिरवला. बैठक. डावीकडे सलग गाठी, भिंत. उजवीकडे मोकळं.

कुणाचा हात न धरता ती मोरीतून निघाली, बैठक ओलांडली आणि उजवीकडे हळूहळू, पाऊल घासत चालत राहिली. दारात आहे असं वाटलं तिथे ती थांबली.

"आहे का इथं?"

"थोडं पुढे," भाच्याचा आवाज आला. "हां. आता आत."

ती आत गेली. मग वळून दादाला म्हणाली, "इथून पुढे एक खिडकीसुद्धा मला न सांगता हलवायची नाही. बाकी तुझं घर, तुझा कारभार. एवढं मात्र माझं ऐकायचं."

"नाही हलवणार," दादा म्हणाला. मग म्हणाला, "खोली तुझी. तिचं शिवण चालू आहे तोवर, असं म्हणायचो ना मी? ते आता म्हणत नाही."

भाचा गवंड्याने मागे ठेवलेलं फक्कीचं घमेलं उचलून आला, खाली बसला आणि आत्याच्या दाराच्या दोन्ही बाजूंना मूठमूठभर चुना ओतू लागला. रेघ जाड झाली, मग वीतभर रुंद झाली. आत्या वाकून बघत होती. आधी धूळ, धूळ, आणि मग त्या धुळीत पांढरं काहीतरी.

"चहा मात्र वन्संनीच पाजायचा," वहिनी मोरीतूनच म्हणाल्या. "भिंतीतून पहिल्या त्या गेल्या. मी दुसरी."