कोऱ्या कागदातली कोंबडी

शाळेत मोठ्या बाईंचा शब्द शेवटचा, आणि शुक्रवारचा चित्रकलेचा तास बंद करून तिथे गणित घ्यायचं त्यांच्या मनात होतं.

"सर, पोरं नुसता राडा करतात," त्या चित्रकलेच्या सरांना म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी स्वतः येऊन बघते आणि ठरवते."

दाराआडून हे ऐकलं तिसरीतल्या ठिणगीनं. दोन वेण्या आणि दिवसभर चालणारं तोंड, म्हणून ती ठिणगी. खरं नाव फक्त हजेरीपुरतं. आठवड्यातला तोच एक तास तिला जीव की प्राण! तिचा तिळपापड झाला. त्या दिवशीच्या तासाला पिकल्या मिशांच्या सरांनी सगळ्यांना पांढरा मेणखडू दिला.

"पांढऱ्या कागदावर पांढरं चित्र. दाबून काढा. मागे नाव लिहायचं नाही, नाहीतर गुपित कसलं? पुढच्या वेळी एकाचं चित्र दुसऱ्याच्या हाती, रंगवायला."

ठिणगीनं सगळा राग दाबून काढला. जाडजूड कोंबडी, डोक्यावर बाईंचा अंबाडा, चोचीवर बाईंचा चष्मा, गळ्यात बाईंचा किल्ल्यांचा जुडगा. आणि खाली उबवायला अंड्यांच्या जागी पाढ्यांची पुस्तकं.

कागद जमा झाले आणि घरी जाता जाता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ते चित्र बाईंनी पाहिलं, तर तास कायमचा गेलाच म्हणायचा!

पुढच्या शुक्रवारी बाई हजर. ठिणगी बाकावरून उडालीच. "सर, कागद मी वाटते!"

"आज बरा कामाचा उत्साह," सर म्हणाले.

ती प्रत्येक कागद खिडकीकडे तिरका धरून बघू लागली. उजेडात मेण चमकतं, हे सरांनीच शिकवलेलं. मासा. घर. पुन्हा मासा. विमान असावं किंवा वांगं. गठ्ठा संपला, कोंबडी नाही.

"बाई, वरचा एक तुमच्यासाठी आधीच काढून ठेवलाय," सर मागे म्हणत होते. "नुसतं बघून कळायचं नाही, ब्रश घ्या. भरपूर पाणी, थोडा निळा रंग. आणि एकदा फिरवलं तिथे पुन्हा घासायचं नाही."

"मला कुठे येतंय, सर!" म्हणत बाईंनी ब्रश बुडवलासुद्धा.

पहिल्या फटकाऱ्यात अंबाडा उमटला. मेणावर पाणी ठरेना, निळ्यातून पांढरी रेघ वर येत राहिली. दुसऱ्यात चष्मा. तिसऱ्यात किल्ल्या. पहिल्या बाकावरच्या पोरानं हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला.

बाईंनी पुस्तकांपर्यंत सगळं नीट रंगवलं. मग चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिल्या.

"कोणाची आहे ही कोंबडी?"

सर घसा खाकरून म्हणाले, "बाई, नावं लिहायची नाहीत असं मीच सांगितलं होतं. चूक माझी."

"असं? मग एक कोरा कागद द्या. आणि तो खडू."

वर्गाकडे पाठ करून बाई बराच वेळ काहीतरी काढत बसल्या. मग थेट ठिणगीच्या बाकाशी आल्या. "कागद तिरके धरून बघणारी तूच ना? घे, रंगव."

ठिणगीनं ब्रश फिरवला. निळ्यातून एक पिल्लू उमटलं. दोन वेण्यांचं, चोच वासून ओरडणारं. त्याच्या पंखाखाली गणिताची वही, आणि वहीवर हा एवढा मोठा भोपळा!

अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. ठिणगीही हसली, पण लगेच उठून उभी राहिली.

"बाई, कोंबडी मीच काढली. मला काय ती शिक्षा करा. पण तास बंद नका ना करू."

बाईंनी बोटावरचा निळा रंग रुमालाला पुसला, तो काही निघाला नाही. "शिक्षा आहेच. उद्यापासून रोज एक पाढा, माझ्यासमोर." मग सरांकडे वळून जरा हळूच म्हणाल्या, "आणि सर, पुढच्या शुक्रवारी एक ब्रश जास्तीचा ठेवा. पिल्लाचे पाय काही मला जमले नाहीत."