स्टेफीकाकूंची डिझेल पिकअप

मित्रांनो, माझ्या बोनेटवरचा बर्फ हाताने बाजूला सारलात, तर खाली फिका हिरवा रंग दिसेल. मी एक जुनी डिझेल पिकअप आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, सपाट माळावरच्या एका लहानशा गावात माझे बरेचसे आयुष्य गेले.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथले मला फारसे आठवत नाही. मला आठवतात ते ओरेस्ट बोयको यांचे हात. ते घोडे पाळायचे. चार घोड्यांचा ट्रेलर मागे जोडून आम्ही दूरदूरच्या बाजारांना जायचो. आठ-आठ तास रस्ता संपायचा नाही. मागे भार असला की माझे इंजिन कसे खुलायचे! चढावर इतर गाड्या धापा टाकायच्या आणि ओरेस्ट माझ्या स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचे, "शाब्बास, म्हातारे!" तेव्हा मी म्हातारी नव्हते, पण मला ते आवडायचे.

मग एका शरदात ओरेस्ट गेले. घोडे विकले गेले. मी अंगणात उभी राहिले, ती दोन वर्षे. त्यांची बायको स्टेफानिया, म्हणजे सगळ्या गावाच्या स्टेफीकाकू, दर रविवारी येऊन मला सुरू करायच्या. आत बसून राहायच्या. कुठे जायच्या नाहीत. थोड्या वेळाने किल्ली फिरवून मला गप्प करायच्या आणि घरात निघून जायच्या. टायरांना भेगा पडू लागल्या होत्या. रस्त्याने एखादा ट्रेलर गेला की माझा जीव तुटायचा.

अशात एक दिवस रेनी लाव्हाली आली. गावातल्या घरांना ऊब देणाऱ्या भट्ट्या ती दुरुस्त करायची. तिची जुनी गाडी मोडीत निघाली होती.

"काकू, खरं सांगा," ती म्हणाली, "गॅरेजवाला म्हणतो पेट्रोलची घे. आमचा मामा म्हणतो डिझेलचीच घे, मरता मरत नाही. मी कुणाचं ऐकू?"

"अगं, ओरेस्टने हिला तळहाताच्या फोडासारखं जपलंय," काकू म्हणाल्या. "आठवडाभर चालव आणि मग बोल. फक्त रात्री इंजिनची वायर घराच्या विजेला लावून ठेव, म्हणजे ते गरम राहतं."

विचारले एक होते, उत्तर मिळाले दुसरेच. पण मला कुठली पर्वा! मला पुन्हा काम मिळाले होते.

मित्रांनो, ते काम माझे नव्हते. रेनीची सगळी धाव पाच-पाच मिनिटांची. या दारी थांब, त्या दारी थांब. माझे इंजिन गरम होण्याआधीच बंद व्हायचे. मी काळा धूर ओकू लागले. तरी मी तक्रार केली नाही. लाजच वाटत होती.

गुरुवारी पारा उणे अडतीसवर गेला. रेनी गावाबाहेरच्या शाळेची भट्टी बघायला गेली. तिथे वायर लावायला जागा नव्हती. तीन तास मी उघड्या वाऱ्यात उभी होते. माझ्या पोटातले डिझेल मेणासारखे घट्ट झाले. तेवढ्यात फोन आला. एकटे राहणाऱ्या फिडलर आजोबांची भट्टी बंद पडली होती.

रेनी धावत आली. किल्ली फिरवली. मी घरघरले, खोकले आणि थांबले.

"चल गं बाई! आजचा दिवस चल!" ती मला विनवत होती.

मला चालायचे होते. शपथेवर सांगते, आयुष्यात इतके कधीच चालायचे नव्हते. शेजारी मुख्याध्यापिकाबाईंची पेट्रोलची गाडी तेवढाच वेळ उभी होती. ती एका झटक्यात सुरू झाली. त्याच गाडीत हत्यारे टाकून रेनी निघून गेली. पोहोचायला उशीर झालाच. आजोबा कोट घालून अंथरुणात पडले होते, ओठ निळे पडले होते. दोन दिवस त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. वाचले, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी मला ओढून अंगणात आणले. रेनी संतापली होती.

"दिवसा उघड्यावर ही गोठते, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," काकू म्हणाल्या. "तू गावातली गं. तू घेतलीस तर रोज हिचा आवाज कानावर पडेल, असं वाटलं. ओरेस्ट घरी यायचा, तेव्हा त्याच्या आधी हिचा आवाज यायचा. चुकलं माझं."

रेनीचा राग कुठल्या कुठे गेला. "तुमच्या हातची बटाट्याचं सारण भरलेली पिरोही पोटभर खायला घाला, नाहीतर माफ करणार नाही," ती म्हणाली. मग माझ्या दारावर हात ठेवून पुढे बोलली, "गाडी वाईट नाही, काकू. माझं काम हिच्याजोगतं नाही. हिला ओझं पाहिजे आणि लांबचा रस्ता. मी आपली पेट्रोलचीच बघते."

मार्चमध्ये रेनीचे अल्सीद मामा आले. पश्चिमेला डोंगरांच्या पायथ्याशी त्यांचे घोडे होते.

"इतक्या लांब नेणार?" काकूंनी विचारले. आणि मग त्यांनी माझे सगळे दोष एकेक करून सांगितले. थंडीतला हट्ट, काळा धूर, भेगाळलेले टायर.

मामा हसले. "विकताय की घाबरवताय?"

"या वेळी काही लपवायचं नाही, असं ठरवलंय," काकू म्हणाल्या. किल्ली त्यांनी मुठीतून सोडली, पण हळूहळू.

मी निघाले. माळ इतका सपाट, की घर कितीतरी वेळ आरशात दिसत राहिले. पायरीवर काकू उभ्या होत्या. त्यांनी हात हलवला नाही. त्या मान कलती करून ऐकत होत्या.

मित्रांनो, जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा डिझेल की पेट्रोल हे दुसऱ्याला विचारण्याआधी आपले काम काय आहे, हे स्वतःला विचारा. विकणार असाल, तर तिचे दोषही मायेने सांगा. आणि प्रेमापोटी कोणाला अंगणात गंजत ठेवू नका.

मामा मला जपतात. मी आता पुन्हा लांबच्या रस्त्यावर असते. तरी चौरस्त्यावर पूर्वेकडे जाणारा रस्ता दिसला की वळावेसे वाटते. मी वळत नाही. माझ्या मागे घोडे उभे असतात.