टेबलावरचे बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा. माझा जोडीदार उजव्या पायाचा. तो पहिल्यापासून अबोल, म्हणून दोघांच्या वतीनं मीच बोलतो. आमच्या नाकात पोलादी वाटी बसवलेली आहे, त्यामुळे आमचं नाक जरा वरच असतं. हसू नका. लोखंडी पट्टी पडली तरी मालकाची बोटं शाबूत ठेवणारं नाक किती जणांकडे असतं?

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे याच गोष्टीवरून घरात खडाजंगी झाली. घोट्याशी, आतल्या बाजूला, तसा शिक्काच आहे माझ्यावर. पण मी चालायला लागलो ते स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत, क्लाइड नदीकाठच्या गव्हनमध्ये, आणि तेही आर्ची गिलक्रिस्टच्या पायात. आर्ची जहाजांच्या गोदीत वेल्डर होता. थंडीत तिथलं पोलाद असं गार पडे की हात चिकटावा. ठिणग्या उडून माझ्या अंगावर बारीक बारीक डाग पडत. मला त्यांचं दुःख कधीच झालं नाही. बांधून झालेलं जहाज घसरत नदीत उतरे, हजारो माणसं टोप्या उडवत आणि आर्ची आम्हाला जमिनीवर दणादणा आपटत नाचे, तेव्हा वाटे, आपल्यासारखे बूट आपणच.

दर शनिवारी आर्ची स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरे आणि डबीतली चरबी बोटांनी आमच्या शिवणीशिवणीत जिरवे. त्याची बायको म्हणायची, "माझ्या गालावरून कधी इतक्या मायेनं हात फिरवला नाहीस."

"तुला कुठे भेगा पडतात?" आर्ची म्हणायचा.

त्या घरात एक नियम मात्र कडक होता. बूट टेबलावर ठेवायचे नाहीत. नवे असोत, खोक्यात असोत, नाही म्हणजे नाही. गोदीत एखादा माणूस अपघातात गेला की त्याचे बूट घरी आणून टेबलावर ठेवण्याची रीत होती. आर्चीचा जिवलग मित्र टॅम परांचीवरून खाली पडला, तेव्हा त्याचे बूट आर्चीनंच उचलून नेले. मी आर्चीच्या पायात होतो. टॅमच्या घराचा जिना चढताना तो पाय प्रत्येक पायरीवर अडखळत होता. वर जाऊन त्यानं ते बूट टेबलावर ठेवले आणि टॅमच्या आईकडे न बघताच तो परत फिरला. त्या दिवशी मला कळलं की आपण नुसतं चामडं नाही.

पुढे गोदी बंद पडली. आर्चीनं आम्हाला जिन्याखालच्या कपाटात ठेवलं आणि दार लावून घेतलं. त्याला आमच्याकडे बघवत नव्हतं. आम्हाला चरबी मिळेनाशी झाली, अंग ताठलं, भेगा पडल्या. आर्चीची बायकोही त्याच काळात गेली. कपाटाच्या फटीतून मला त्याचा खोकला ऐकू येई. गोदीतली धूळ त्याच्या छातीत घर करून बसली होती.

त्याची मुलगी मॉराग तेव्हा लंडनला नाटक शिकत होती. तिथे तिला सांगण्यात आलं, बाई, तुझं गव्हनचं बोलणं दाराबाहेर सोडून ये. तिनं सोडलं. काही वर्षं ती उसन्या बोलीत बड्या घरच्या मोलकरणींच्या भूमिका करत राहिली. तिचा घरी फोन आला की आर्ची रिसीव्हर टेबलावर आपटून म्हणायचा, "कोणी तरी सरदारीणबाई बोलतेय. चुकीचा नंबर असणार."

एक दिवस मॉराग बॅगा घेऊन कायमची परत आली आणि दारातच आपल्या मूळच्या रांगड्या बोलीत ओरडली, "बाबा, चहा टाक!" आर्चीनं चहा टाकला, आणि त्या दिवशी तो शीळ घालत होता.

त्यानंतर मॉरागच्या तोंडाला कुलूप असं राहिलंच नाही. तिला कुणी कलावंत म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती म्हणे, "मी कामगार आहे. माझा बाप जहाजं जोडायचा, मी माणसं जोडते. घाम दोघांनाही येतो." मजुरीवर, सरकारवर, स्कॉटलंडवर, कशावरही विचारा, उत्तर तयार. स्कॉटलंडनं स्वतंत्र व्हावं की नाही यावर मतदान ठरलं, तेव्हा ती चौकाचौकात 'हवं' म्हणून भाषणं ठोकू लागली. आर्ची 'नको'वाला. "इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा वेल्डर माझ्याबरोबर संपावर बसला होता. त्याला आता परका म्हणू?" असं तो विचारी. मॉराग आता शहरात वेगळी राहायची, पण जेवायला आली की टेबलावर बापलेकीची अशी जुंपायची की बटाटे गार व्हायचे.

त्याच सुमारास मॉरागला गोदीवरच्या एका नाटकात वेल्डर बाईची भूमिका मिळाली. तिनं आम्हाला मागितलं. आर्चीनं कपाट उघडलं आणि आम्हाला बाहेर काढलं. "ने. पण चरबी देत जा," एवढंच तो म्हणाला. मित्रांनो, खरं सांगतो, रंगमंचावर उभं राहिल्यावर माझी छाती फुगली. चरबीचं मात्र ती साफ विसरली. बोलण्यात गुंतलेल्या माणसांचं असं होतं.

मतदानाला थोडे दिवस उरले असताना टीव्हीवर तिची मुलाखत ठेवली होती. तालमीतून ती थेट तिकडे गेली, आम्ही तिच्या पिशवीत. मुलाखत घेणारे गृहस्थ गुळगुळीत होते. त्यांनी गोड हसून विचारलं, "बाई, तुमची आजवरची निम्मी कामं लंडनला. मग हे स्कॉटलंड स्कॉटलंड नेमकं कोणासाठी?"

मॉरागचा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो. तिनं पिशवीत हात घातला आणि आम्हा दोघांना धाडकन टेबलावर आपटलं. "हे बघा! हे माझ्या बापाचे बूट. हे स्कॉटलंड! याला विचारा कोणासाठी ते!"

टाळ्या कडाडल्या. मी मात्र त्या चकचकीत टेबलावर गोठून गेलो होतो. माझा मालक जिवंत होता आणि मी टेबलावर होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाटकाच्या कपडेपटात एफीनं मॉरागला धरलं. एफी कपडे सांभाळायची. नाटकवाल्यांतही बूट टेबलावर ठेवणं वाईटच मानतात, आणि एफी तर त्यातून गव्हनचीच.

"अगं बये, तू केलंस काय? बापाचे बूट टेबलावर? तेही तो जिता असताना?"

मॉराग पांढरीफटक पडली. तिनं घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. आर्चीची छाती कशी आहे हे तिला ठाऊक होतं. तालीम तशीच टाकून, आम्हाला काखोटीला मारून ती भुयारी रेल्वेकडे धावत सुटली. गाडीत ती मला पोटाशी घट्ट धरून बसली होती आणि पुटपुटत होती, "असं नको रे. असं नको." मी इतकी वर्षं भार सोसला, पण त्या दिवशीसारखा जड भार कधी वाटला नाही.

तिनं दार ढकललं. आर्ची स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता. समोर फोन, आणि फोनकडे बघत तो शांतपणे बिस्किट चहात बुडवत होता.

"बाबा! फोन का उचलत नाहीस?"

"मेलेली माणसं फोन उचलत नाहीत."

मॉराग मटकन जमिनीवरच बसली. ती हसत होती की रडत होती, तिलाच कळत नव्हतं.

"सगळ्या देशासमोर बापाला पोचवलंस," आर्चीच्या जिभेचा पट्टा सुरू झाला. "सकाळी शेजारीण सूप घेऊन आली. विचारते, बरं आहे ना? मी म्हटलं, मेलोय, पण सूप ठेवून जा."

"चुकलं माझं, बाबा."

"आणि काय म्हणालीस? हे बूट म्हणजे स्कॉटलंड? आत डोकावून बघ जरा."

मॉरागनं मला उजेडात धरलं आणि आतला शिक्का वाचला. इतकी वर्षं आर्चीशिवाय कुणी वाचला नव्हता. मला तर लाजेनं जमिनीत जावंसं वाटलं.

"तुझं स्कॉटलंड इंग्लंडात शिवलंय," आर्ची विजयी मुद्रेनं म्हणाला.

मॉरागनं माझ्या अंगावरच्या ठिणग्यांच्या डागांवरून बोट फिरवलं. "शिवलं असेल तिथे. झिजलं इथे. माणूस जिथे झिजतो तिथला असतो."

"हे नाटकातलं वाक्य?"

"नाही. माझं."

"मग नाटकात घाल. मत देणार नाही मी त्याला, पण वाक्य चांगलंय."

एवढं बोलून त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर त्याचा आवाज खाली आला. "टॅमचे बूट मी ठेवले होते टेबलावर. तुला माहीत होतं, मॉराग."

"माहीत होतं. रागात विसरले. आणि सकाळी तू फोन उचलेनास, तेव्हा वाटलं, आपलं शेवटचं बोलणं भांडणच झालं." तिनं त्याची बाही धरली. "मतदान गेलं खड्ड्यात, बाबा. तू हवा आहेस मला."

आर्चीनं नाक ओढलं आणि खिडकीबाहेर बघितलं. "मतदान कशाला खड्ड्यात जातंय? भांड की. पण भांडायला येत जा. भाषण ऐकायला टीव्ही लावावा लागतो मला." मग त्याची नजर माझ्यावर गेली. "काय दशा केलीस यांची! टीव्हीवर भेगा दिसत होत्या. लाज आणलीस. ती डबी काढ वरच्या फळीवरची."

वर्तमानपत्र पसरलं गेलं, जमिनीवर. म्हाताऱ्याची बोटं पुन्हा माझ्या शिवणींतून फिरली. दुसऱ्या बाजूला मॉराग उजव्याला चरबी लावत होती. चामडं मऊ पडत गेलं. आमचा अबोल उजवासुद्धा हलकेच करकरला.

नाटकाचा पहिला प्रयोग झाला. शेवटच्या प्रवेशात आम्हाला टेबलावर ठेवायचं असं दिग्दर्शकानं ठरवलं होतं. दिसायला छान दिसतं म्हणे. मॉरागनं आयत्या वेळी आम्हाला दाराशी ठेवलं, पुढची बाजू बाहेर करून, कामावर निघाल्यासारखं. सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं असताना कडेच्या खुर्चीवरून आर्ची मोठ्यानं म्हणाला, "हां, आता बरोबर!" लोक हसले, आणि मग ज्या टाळ्या पडल्या त्या जहाज नदीत उतरतानाच्या आवाजासारख्या होत्या.

मतदानाच्या दिवशी मॉराग सकाळीच आम्हाला घेऊन गव्हनला आली. आर्चीचे पाय सुजलेले होते, म्हणून तिनं नाड्या सैल केल्या, खाली बसून आम्हाला त्याच्या पायांत चढवलं आणि गाठ मारली. किती वर्षांनी तो पाय आत आला!

"चल," आर्ची काठी घेत म्हणाला, "तुझं मत खोडून येऊ."

"आधी मी तुझं खोडते."

हातात हात घालून दोघं निघाली. रस्त्यात आर्ची दर खांबाशी दम खात होता आणि दर वेळी नवा मुद्दा काढत होता. मॉराग प्रत्येक मुद्द्याला उत्तर देत होती आणि त्याचा हात काही सोडत नव्हती. दोघांनी आपापली मतं टाकली, एकमेकांची खोडली, आणि वाटेत गरमागरम पॅटिस खाऊन भांडत भांडतच घरी परतली.

मित्रांनो, आता मी आर्चीच्या दाराशी असतो. शनिवारी चरबी मिळते. तुमच्याही घरी कुणाच्या कष्टाचे जुने बूट असतील तर ते कपाटात कोंडू नका, त्यांना मऊ ठेवा. आणि ज्यांच्याशी तुमचं पटत नाही, त्यांच्याशी जरूर भांडा. पण त्यांच्या दारात जाऊन भांडा, ते ऐकू शकतात तोवर. टेबलावर मी एकदा जाऊन आलो आहे. माझी जागा दाराशी आहे. तिथूनच मला रोज सकाळी आर्चीचा खोकला ऐकू येतो, आणि फोन वाजला की पहिल्याच घंटेला त्याचा आवाज, "बोल पोरी, आज काय चुकीचं म्हणणार आहेस?"