अंतराचा फोटो

स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसला तशी गोपिकानं ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली आणि ती स्टुलावरून उठलीच.

"मले फोटो नाही काढाचा. माय, चाल घरी."

"अवं, बस ना," तिची आई सुभद्रा म्हणाली. "कुहीवरून याच्याचसाठी तं आलो."

कॅमेरा सांभाळणाऱ्या मायाताईंनी घाई केली नाही. नागपुरातल्या या केंद्रात भाजलेल्या माणसांच्या चेहऱ्याचं माप कॅमेऱ्यानं घेऊन, त्यावरून घट्ट बसणारा पारदर्शक मुखवटा करत. तो महिनोन्‌महिने घातला की व्रण दबतात, ओठ ओढले जात नाहीत. गोपिकाच्या स्वयंपाकघरात गॅसचा भडका उडाला होता. जखमा भरल्या होत्या. आता उशीर झाला तर तोंड पुरतं उघडणं कठीण झालं असतं.

"हा कॅमेरा दोन फोटो काढते," मायाताई म्हणाल्या. "एक रंगाचा, एक अंतराचा. तुह्यं नाक त्याच्यापासून किती दूर, गाल किती दूर, तेवढंच त्या दुसऱ्यात येते. रंग त्याले समजतच नाही."

"खोटं."

"मग पाहा."

त्यांनी रंगाची खिडकी बंद केली आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसल्या. स्क्रीनवर करड्या रंगाचा चेहरा उमटला, मातीत घडवल्यासारखा. गोपिका नाही म्हणता म्हणता जवळ सरकली.

"ताई, तुमचं कपाळावरचं गोंदण कुठं गेलं?"

"सांगितलं ना. त्याले दिसत नाही."

गोपिका बसली. ओढणी तिनं स्वतःच काढली, घडी करून आईकडे दिली.

"हनुवटी जराशी वर. श्वास सोड. आता हलू नको."

ही वाक्यं मायाताईंच्या तोंडात इतवारी बाजारातल्या फोटो स्टुडिओपासूनची. लग्नाच्या मुलींचे फोटो काढायचे आणि मग कॉम्प्युटरवर त्यांचे चेहरे उजळायचे, हेच काम त्यांनी स्टुडिओ बंद होईपर्यंत केलं होतं. इथं उजळायचं काही नव्हतं.

पहिल्या फोटोत नाकाखाली काळं भोक पडलं. तिथलं अंतर कॅमेऱ्याला कळलं नव्हतं. पुन्हा घेतला. सेव्ह करताना प्रोग्रामनं रंगाच्या आणि अंतराच्या, दोन्ही फाइलींपुढे खूण करून ठेवली होती. मायाताईंनी रंगापुढची खूण पुसली आणि बटण दाबलं.

"दाखवा," गोपिका म्हणाली.

तिनं स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. मग स्क्रीनवर जबड्याजवळच्या उंचवट्याकडे बोट नेलं. "हे दिसून राहिलं इथं."

मायाताईंनी वाकून पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. "रंग नाही दिसत. पण जे वर उचललं आहे ते दिसते. मले हे आधीच सांगाले पायजे होतं. मुखवट्यानं तेच दाबाचं आहे."

गोपिका उठली नाही. "एवढंच आहे?" तिनं विचारलं. "मले वाटलं, सगळंच गेलं."

तेवढ्यात साच्याच्या खोलीतून, मुखवटे घडवणाऱ्या सुशीलचा फोन आला. "ताई, रंगाची फाइल नाही आली. ओठांची कड न् डोळ्यांची भोकं मी कशावरून घेऊ?"

"ठेवली नाही गा."

"काहून? पुन्हा बसवा ना तिले."

"नाही. हातानं मापं घेते न् पाठवते."

"चुकलं तं मुखवटा वाया जाईन."

"चुकणार नाही, असं पाहते."

त्यांनी कापडी टेप काढली. "हात लावू का वं?"

सुभद्रा दाराशी थबकली. दवाखान्यातून आल्यापासून पोरीनं तिलाही गालाला हात लावू दिला नव्हता.

गोपिकानं डोळे मिटले. मायाताईंनी ओठांच्या कडा बोटांनी चाचपल्या, टेप धरली, आकडा कागदावर लिहिला. खात्रीसाठी प्रत्येक माप पुन्हा घेतलं. मधेच गोपिकाच्या पापणीखालून पाणी आलं. मायाताई थांबल्या.

"दुखलं?"

"नाही. घ्या तुम्ही."

मुखवटा तयार झाला तेव्हा मायलेकी पुन्हा आल्या. डाव्या डोळ्याजवळ किंचित टोचत होतं. सुशीलनं घासून दिलं. मग मुखवटा नीट बसला. काचेसारख्या प्लास्टिकमधून सगळे व्रण दिसत होते, रंगासकट. गोपिकानं आरशात एकदाच पाहिलं आणि पट्टे आवळून घेतले.

जेवणाच्या सुट्टीत मायाताई पायऱ्यांवर आल्या, तेव्हा त्या दोघी फाटकाबाहेर ऑटोत बसत होत्या. ऑटोवाला मागे वळून गोपिकाच्या तोंडाकडे बघतच राहिला होता. सुभद्रानं लगबगीनं पदर पुढे केला, लेकीचा चेहरा झाकायला.

गोपिकानं तो हलकेच बाजूला सारला.

"काय पाहून राहिला गा?" ती म्हणाली. मुखवट्यामुळे आवाज थोडा घुमला. "इतवारीले चाल. मायले लुगडं घ्याचं आहे."

ऑटोवाल्यानं मान वळवली आणि गाडी सुरू केली.

मायाताई ऑटो वळेपर्यंत पायरीवर उभ्या होत्या. मग त्यांनी तिथंच बसून डबा उघडला.